ओळखपंचमीची टिटवी

एका राज्यात एक सण होता, जो दुसऱ्या कुठल्याच राज्यात नव्हता. मार्गशीर्ष लागला, धान्य घरात आले, हुरड्याचा वास गावभर फिरू लागला, की शुद्ध पंचमीला हा सण येई. त्याचे नाव ओळखपंचमी. त्या दिवशी घरोघरी अंगणात एक पाट मांडीत आणि त्यावर बारीक वाळू पसरीत. घरच्यांनी, पाहुण्यांनी, आल्यागेल्यांनी पाळीपाळीने बोटाने त्या वाळूत चित्र काढावे, बाकीच्यांनी ते ओळखावे, असा खेळ चाले. पाटाशेजारी पाण्याने भरलेले घंगाळ ठेवीत आणि त्यात तांब्याचे घटिकापात्र सोडीत. पात्राच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत येई, पात्र भरे आणि बुडे. ते बुडायच्या आत चित्र ओळखावे, नाही तर हरलो म्हणावे. हरणाऱ्याला सगळ्यांसमोर गाणे म्हणावे लागे. ज्यांना गळ्याची फार हौस, ते मुद्दाम हरत, आणि ऐकणारे बिचारे पुढच्या पंचमीपर्यंत ते विसरू पाहत.

राजवाड्यातही हा खेळ होई. उसाचा रस, घारगे, तिळाच्या वड्या, गुलाबपाणी, सगळा थाट असे. मधोमध शिसवी पाट, त्यावर चाळून घेतलेली पांढरी वाळू. त्या राज्याचा राजा तेजकेतू. तो माणूस वाईट नव्हता. न्यायाला चोख होता, हाताचा सढळ होता, पण त्याला घाई फार. चित्राच्या दोन रेघा पडल्या न पडल्या, तोच तो उत्तर देऊन मोकळा होई.

आणि राजवाड्यात एक रीत पडली होती. ती कोणी पाडली, हे कोणालाच आठवत नव्हते. महाराज म्हणतील तेच चित्राचे उत्तर. काढणाऱ्याने हात जोडून "ओळखलंत, महाराज" म्हणायचे आणि लगोलग तळहाताने वाळू सारखी करायची, म्हणजे पुन्हा कोणी पाहायला नको. हत्ती काढला आणि महाराज ढग म्हणाले, तर तो ढग. सभा टाळ्या पिटी, राजा मिशीतल्या मिशीत हसे. इतक्या वर्षांत तो एकदाही हरला नव्हता, म्हणून एकदाही गायला नव्हता. आपल्यासारखी नजर राज्यात कोणाला नाही, असे त्याला अगदी मनापासून वाटे. त्याला तसे वाटू देण्यात सगळ्यांचीच सोय होती.

त्याची राणी मृणालवती. बोलायची कमी, पण तिचे बोट वाळूत फिरू लागले की पाहत राहावे. लग्नानंतरच्या दुसऱ्या ओळखपंचमीला तिने भर सभेत एक चित्र काढले होते. एक खोलगट कमान, तिच्या दोन्ही टोकांपासून वर गेलेल्या दोन रेघा, त्या वर एका ठिकाणी मिळालेल्या. राजा झटकन म्हणाला, "होडी." राणी क्षणभर थांबली. मग "ओळखलंत, महाराज" म्हणाली आणि तिने वाळू पुसली. राजाला ते चित्र इतके आवडले, की दुसऱ्या दिवशी सीमेवर स्वारीला निघता निघता त्याने सुतारांना हुकूम सोडला. तो परत आला तेव्हा तळ्यात सोनेरी मुलाम्याची होडी तरंगत होती. राणी वर्षातून एकदा त्या होडीत बसे, तळ्याला एक फेरी मारी आणि उतरे. त्या पंचमीनंतर तिने कधी चित्र काढले नाही. राजाला वाटले, राज्यकारभारात आवड मागे पडली असेल. त्याने विचारले नाही.

अशी बरीच वर्षे गेली. एका ओळखपंचमीला सभा भरली असताना एक म्हातारी आत आली. अंगावर धुरकट लुगडे, केस मोकळे. पहारेकऱ्यांनी तिला कसे सोडले, हे त्यांनाही पुढे सांगता आले नाही. तिने आपले नाव धूम्रा सांगितले आणि पाटापुढे बसून एक चित्र काढायची परवानगी मागितली. सणाच्या दिवशी कोणाला नाही म्हणायचे नाही, म्हणून प्रधानांनी घंगाळात पात्र सोडले.

धूम्रेने सावकाश चित्र काढले. उभी बारीक आकृती, किंचित कललेली मान, एका बाजूला पदर. राजाला भूक लागली होती आणि घारगे गार होत होते. त्याने ओझरते पाहिले आणि म्हणाला, "टिटवी."

सभा म्हणाली, "वा! टिटवीच." शेजारी बसलेली राणीही सवयीने म्हणाली, "ओळखलंत, महाराज."

धूम्रेने वाळू पुसली नाही. तिला राग आलेला दिसत नव्हता, आणि त्याचेच पुढे सगळ्यांना भय वाटत राहिले. "मी राणीसाहेबांना काढलं होतं," ती म्हणाली. "पण राजा म्हणतो टिटवी, सभा म्हणते टिटवी, खुद्द राणीसाहेब म्हणतात टिटवी. मग माझ्या एकटीचं कसं खरं?"

असे म्हणून तिने हाताने वाळू सारखी केली. राजाच्या शेजारच्या आसनावर राणी नव्हती. तिथे एक टिटवी उभी होती, पिवळ्या पायांची, काळ्या गळ्याची, एक पाय पोटाशी घेतलेली. तिने राजाकडे पाहिले आणि राणीच्या आवाजात म्हणाली, "महाराज, हे काय झालं?"

शिपाई तलवारी उपसून धावले. धूम्रा जागची हलली नाही. तिने राजाला सांगितले, की पुढच्या ओळखपंचमीला ती परत येईल आणि राजाला तीन चित्रे ओळखावी लागतील. पहिले धूम्रा काढील. दुसरे त्याच्या दरबारातला कोणी काढील. तिसरे टिटवी काढील. तिन्ही ओळखली तर राणी राणी होईल. एक जरी चुकले, तर तिचे माणसाचे मन जाईल आणि ती थव्यात मिसळेल, मग हजार टिटव्यांतली आपली कोणती, हे राजाला कधीच कळणार नाही. तोवर दर अमावास्येला तिच्या बोलण्यातले शब्द गळत जातील. एवढे बोलून धूम्रेने हवेत बोटाने एक दार काढले, ते ढकलले आणि पलीकडे निघून गेली. शिपायांच्या हाती दार लागले नाही.

राजाने टिटवीला सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवायची तयारी केली, पण तिने ऐकले नाही. टिटवीला उघडी जमीन लागते. ती नगराबाहेर नदीच्या वाळवंटात उतरली आणि तिथेच राहू लागली.

राजाने मग सराव मांडला. रोज सकाळी दरबारातले चित्रकार येत, वाळूत काही काढीत, राजा ओळखी. रोज सगळे बरोबर. आठवडाभराने राजाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने समोर स्पष्ट दिसत असलेल्या समईला मुद्दाम "उंट" म्हटले. चित्रकाराने हात जोडले. "ओळखलंत, महाराज." आणि वाळू पुसली.

राजा संतापला. त्याने हुकूम काढला, की चूक असेल तर चूक म्हणावे, नाही तर शिक्षा होईल. दुसऱ्या दिवसापासून सगळे चूक म्हणू लागले. राजाने माशाला मासा म्हटले तरी चूक, सूर्याला सूर्य म्हटले तरी चूक. लोकांनी हुकूम मनोभावे पाळला होता. त्या रात्री राजाला जेवण गेले नाही. एवढ्या मोठ्या राज्यात आपल्याला खरे सांगणारे एकही माणूस आपण ठेवलेले नाही, हे त्याला कळले, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी तो एकटाच नदीवर गेला. टिटवी ओल्या वाळूवरून चालत होती. तिने त्याला ओळखले, त्याच्यासमोर थांबली आणि नखाने वाळूत काही रेघा ओढल्या. राजाने पाहिले. "पंखा," तो म्हणाला.

"चूक," टिटवी म्हणाली.

खरोखर चुकल्यावर तो शब्द राजा पहिल्यांदाच ऐकत होता. त्याची कानशिले तापली, तो उठून जायलाही निघाला. मग वळला, पुन्हा बसला आणि पुन्हा पाहिले. ते मोराचे पीस होते. हे म्हणायला त्याला अर्धी सकाळ लागली.

त्या दिवसापासून राजा रोज नदीवर जाऊ लागला. टिटवी काढी, राजा चुके, टिटवी चूक म्हणे. हळूहळू त्याची घाई उतरली. आधी काय दिसते ते पाहावे, मग काय दिसत नाही ते पाहावे, मग काढणाऱ्याकडे पाहावे, असे तो शिकला. संसारात कधी इतका वेळ त्याने राणीसमोर नुसते बसून काढला नव्हता. आता ती पक्षी होती आणि तिच्याजवळचे शब्द सरत चालले होते. आधी पक्वान्नांची नावे गेली, मग दागिन्यांची, मग नोकरचाकरांची. राजाला दर अमावास्येची धास्ती वाटू लागली.

एकदा त्याने विचारले, "दरबारातलं माणूस बरोबर म्हणालं, तर ते खरं की खोटं, हे मी कसं ओळखू?"

टिटवी म्हणाली, "खोटं म्हणणाऱ्याचा हात आधी वाळूकडे जातो, महाराज. माझाही जायचा."

"तुझाही? कधी?"

टिटवी टिवटिवत उडाली आणि त्या दिवशी परत आली नाही.

वैशाखात नदी आटली. वाळवंटात टिटव्यांनी खड्यांच्या उथळ वाटोळ्या खळग्या करून त्यांत अंडी घातली. गोट्यांसारखीच ठिपक्यांची अंडी. राजाचा पाय पडता पडता राहिला. त्याची टिटवी मात्र एका रिकाम्या खळगीवर बसलेली दिसे. उन्हाचा तडाखा असला तरी उठत नसे. राजाने विचारले, "इथे तर काही नाही. कशासाठी बसतेस?" तेव्हा तिच्याजवळ थोडे शब्द उरले होते. तिने ते शोधले, पण जुळले नाहीत. ती राजाकडे पाहत राहिली. राजाने पुढे विचारले नाही, पण या वेळी तो विसरलाही नाही. ती रिकामी खळगी त्याच्या मनात राहिली.

पावसाळा गेला, पिके उभी राहिली, कापली गेली. कार्तिकातल्या अमावास्येनंतर टिटवीजवळ एकच शब्द उरला. तो शब्द होता चूक.

ओळखपंचमी आली. सभा भरली, पण घारग्यांना कोणी हात लावला नाही. राजाने टिटवीला स्वतःच्या हातावर बसवून आणले. हवेत एक दार उघडले आणि धूम्रा आत आली. तिने पाटापुढे बसून पात्र घंगाळात सोडायला सांगितले.

पहिले चित्र तिने काढले. एक वर्तुळ, मधोमध एक ठिपका, भोवती लांब लांब जाणारी कडी. राजाच्या जिभेवर चंद्र आला, ढाल आली, कमळ आले. त्याने एकही शब्द बाहेर येऊ दिला नाही. काय दिसत नाही, ते त्याने पाहिले. वर्तुळाला देठ नव्हता, मूठ नव्हती. मग त्याने काढणाऱ्या बाईकडे पाहिले. ती चित्राकडे बघत नव्हती, घंगाळाकडे बघत होती. पाण्यावर तांबडे पात्र तरंगत होते, त्याच्या बुडातल्या भोकातून पाणी चढत होते आणि भोवती लाटांची कडी उमटत होती.

"घटिकापात्र," राजा म्हणाला.

"ओळखलंस," धूम्रा म्हणाली. तिचे हात मांडीवरच राहिले.

दुसऱ्या चित्रासाठी तिने प्रधानांना पुढे बोलावले. प्रधान अनिरुद्धराय राजाच्या पदरी वीस वर्षे होते आणि त्यांना रेघ म्हणून सरळ ओढता येत नसे. त्यांनी बोटाने एक आडवी काठी काढली, तिच्या दोन टोकांना लोंबणारे दोन वाटोळे आकार काढले, आणि मध्ये खाली एक उभी रेघ ओढली.

राजाने पुरेसे पाहिले असे त्याला वाटले. "तराजू," तो म्हणाला.

"ओळखलंत, महाराज," प्रधान म्हणाले. आणि त्यांचा तळहात वाळूकडे गेला.

राजाने त्यांचे मनगट धरले. "पुसू नका. माझं चुकलं आहे. पात्र अजून बुडालेलं नाही." राजाने पुन्हा चित्राकडे पाहिले. तराजूची दांडी सरळ असते, ही मधून वाकलेली होती. खालची उभी रेघही किंचित पुढे झुकली होती आणि तिला खाली दोन फाटे होते. ते पाय होते. ओझ्याखाली चाललेले माणूस होते.

"कावड," राजा म्हणाला. "पाण्याची कावड, आणि ती वाहणारा."

प्रधानांनी मान खाली घातली. त्यांचे वडील गावात कावडीने पाणी घालत, हे त्यांनी वीस वर्षे लपवले होते. आज काय काढावे सुचेना, तेव्हा बोटाने आपणहून तेच काढले, असे ते म्हणाले. राजाने त्यांचे मनगट सोडले नाही. जरा वेळ तसेच धरून ठेवले.

मग टिटवी पाटावर उतरली. पात्र तिसऱ्यांदा पाण्यावर ठेवले गेले. तिने नखाने एक खोलगट कमान काढली. तिच्या दोन टोकांपासून दोन रेघा वर नेल्या आणि एका ठिकाणी मिळवल्या. मग ती बाजूला झाली.

सभेत कुजबूज झाली. जुन्या माणसांना ते चित्र आठवले. "होडी, होडी," असे शब्द रांगांतून पुढे आले. तळ्यात तीच होडी बांधलेली होती, तिचा मुलामा खिडकीतून दिसत होता. राजालाही आठवले. आपण त्या दिवशी किती पटकन ओळखले होते, आणि सभेने केवढ्या टाळ्या दिल्या होत्या, तेही आठवले. मग त्याला आठवले, की राणी उत्तर देण्याआधी क्षणभर थांबली होती, आणि मग तिचा हात वाळूकडे गेला होता.

पात्र अर्धे भरले होते. काय दिसत नाही, ते राजाने पाहिले. वल्हे नव्हते, पाणी नव्हते. तिने एका रेघेनेही पाणी काढले नव्हते. दोन रेघा जिथे मिळाल्या होत्या, तिथे वर एक बारीक वळण होते, कडीसारखे. हे खाली कशावर टेकलेले नव्हते. हे वरून टांगलेले होते.

मग त्याने काढणारीकडे पाहिले. टिटवी पाटाच्या कडेला अंग चोरून बसली होती. नदीतल्या रिकाम्या खळगीवर बसायची, अगदी तशी.

पात्राच्या काठाशी पाणी आले. चुकलो तर ती जाईल, हे राजाला ठाऊक होते, आणि चुकलो नाही तर काय, हे आत्ता कळत होते. त्याला उत्तर देववेना. शेवटी त्याने ते हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असे सांगितले.

"पाळणा."

टिटवीने चोच उघडली. तिच्याजवळ एकच शब्द होता, आणि सगळी सभा श्वास धरून त्या शब्दाची वाट पाहत होती. तो शब्द आला नाही. चोच तशीच उघडी राहिली, पात्र बुडून घंगाळाच्या तळाला लागल्याचा आवाज झाला, आणि पाटाच्या कडेला राणी मृणालवती बसलेली होती. केसांत नदीची वाळू, पाय पोटाशी घेतलेले.

राजाने विचारले, "त्या पंचमीला तू मला हे सांगत होतीस?"

"हो," राणी म्हणाली. "सगळ्यांच्या देखत, खेळाखेळात सांगावं असं वाटलं. तुम्ही होडी म्हणालात. सभा एवढी आनंदात होती. म्हटलं, रात्री सांगेन. रात्री तुम्ही सेनापतींबरोबर बसलात आणि पहाटे निघालात. परत आलात तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तळ्यात होडी होती."

राजाला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. पुसायला कोणी रुमाल पुढे केला, तो त्याने घेतला नाही. तो उठून पाटासमोर उभा राहिला आणि सभेला म्हणाला, "त्या पंचमीला मी हरलो होतो. हरलेल्याने गाणं म्हणायचं असतं. माझं राहिलं आहे."

राजाला गाणे येत नव्हते. लहानपणी दाईने म्हटलेली एक अंगाई तेवढी त्याला अर्धीमुर्धी आठवत होती. त्याने ती म्हटली. आवाज फाटका, ताल कुठेच नाही. चिऊ, काऊ, झोप, चांदोबा, असे जेवढे आठवले तेवढे शब्द त्याने त्या कधीही न हललेल्या पाळण्यासमोर उभे राहून म्हटले, आणि मधली ओळ विसरला तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गाणे संपले. सभेतल्या एकानेही वाहवा केली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा राजाला आपल्या सभेचा अभिमान वाटला.

राणीने पदराने डोळे पुसले. "दुसऱ्या ओळीत सूर चुकला," ती म्हणाली.

"पुन्हा म्हणू?" राजाने विचारले.

राणी म्हणाली, "म्हणा." आणि दुसऱ्या वेळी तीही त्याच्याबरोबर म्हणू लागली.

धूम्रा केव्हा निघून गेली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. हवेत दाराची एक रेघ तेवढी राहिली होती, तीही संध्याकाळपर्यंत पुसट झाली. सोनेरी होडी राजाने उतारूंसाठी नदीवर दिली. मुलामा उडून गेला, पण होडी चांगली चालली. त्या राज्यात अजूनही ओळखपंचमी येते. राजवाड्यात राजा सगळ्यांच्या शेवटी उत्तर देतो, बरेचदा हरतो आणि गातो, आणि लोक कानात बोटे घालून हसतात. राणी पुन्हा चित्रे काढते. तिने काढलेले चित्र मात्र कोणी लगेच पुसत नाही. वाऱ्याने वाळू विस्कटेपर्यंत ते तसेच ठेवतात. वाळू विस्कटली, खेळ संपला, आणि गोष्टही इथेच थांबली.